बागेला शेपूट फुटलं

बावीस वर्षं वर्तमानपत्राची वार्ताहरकी केली की माणसाला दोन गोष्टी येतात. भांडता येतं आणि तार लिहिता येते. भांडण्यात माझा हात धरणारा मेहकरात कोणी नाही, हे तुम्हांला कोणीही सांगेल. (न विचारता सांगतात.) तार लिहिण्याबद्दलही माझा तसाच समज होता. तो समज एका अक्षराने धुळीला मिळवला, आणि तरी मी आज त्याच अक्षराचे आभार मानायला बसलो आहे.

त्या साली पौषात माझी बायको सत्यभामा हिवतापाने अंथरुणाला खिळली. चाळीस दिवस ताप. बाटल्या आल्या, काढे आले, देऊळगाव राजाहून तिचा भाऊ भगवानराव बालाजीचा अंगारा घेऊन आला. मी उशाशी बसून डॉक्टरांशी भांडत होतो, कारण दुसरं मला काही येत नाही. चाळिसाव्या दिवशी ताप उतरला. तिने डोळे उघडले, छताकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली ते हे :

"बाग पाह्यची राह्यलीच की वो."

मी मान खाली घातली. त्या बागेची गोष्ट आमच्या लग्नाइतकी जुनी होती. बुलढाणा म्हणजे आमच्या वऱ्हाडातलं थंड हवेचं शहर. घाटमाथ्यावर वसलेलं, बंगल्याबंगल्यापुढे फुलझाडं, शिवाय एक मोठी बाग. आणि गाव सोडून चार पावलं गेलं की जंगल, झरे, दऱ्या. उन्हाळ्यात अकोल्याचा माणूस तिथे गेला की पांघरूण मागतो. नागपूरच्या कॉलेजातून बी. ए. होऊन मी नवरदेव झालो तेव्हा ऐटीत म्हणालो होतो, "तुला बुलढाण्याची बाग दाखवीन." त्यानंतर दरवर्षी काहीतरी निघालं. एकदा म्युनिसिपालिटीची निवडणूक निघाली. एकदा नागपूरचं मंत्रिमंडळ पडणार होतं, त्यासाठी मी घरी थांबलो. (ते पडलं नाही.) एकदा माझ्यावरच अब्रूनुकसानीचा दावा निघाला. सत्यभामेने मग एका तेलाच्या डब्यात माती भरून गुलाबाची काडी लावली. ती वाळली. दुसरी लावली, तीही वाळली. डबा मात्र तिने टाकला नाही.

"महाशिवरात्र झाली की जाऊ," मी म्हणालो. "शपथ."

"येईन मी. पन एक अट हाय."

"बोल."

"तीन दिवस कोन्या मान्साशी भांडायचं नाई. मोटारवाल्याशी नाई, कारकुनाशी नाई, पाटीवरच्या शुद्धलेखनाशी नाई. भांडले, की मी त्याच पावली देऊळगावले भगवानदादाकडं. मंग बाग बी नको अन् तुमी बी नको."

"आणि लिहिलं तर?"

"पेपरात लिहिनं म्हंजे भांडनंच ना?"

"छे! ते कर्तव्य असतं," मी म्हणालो. मी बालाजीची शपथ घेतली.

आता दुसरा कोणी असता तर त्याने बुलढाण्याला एक पोस्टकार्ड टाकलं असतं. पण वार्ताहर कार्ड टाकत नाही, तार करतो. तिथे माझा बालमित्र गुलाम रसूल लाकडाचा ठेकेदार होता. चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. पुढे तो इंग्रजी शिकला नाही म्हणून त्याचं स्वतःचं घर झालं, आणि मी शिकलो म्हणून अजून भाड्याच्या घरात आहे. मंगळवारी मी तारघरात गेलो आणि मजकूर लिहिला. इंग्रजीतून, कारण तेव्हा तार इंग्रजीतूनच जायची. 'गुरुवारी पत्नीसह पोचतो. बाग पाहायची आहे. व्यवस्था करा.'

एवढ्यावर सगळं सुरळीत झालं असतं. पण त्याच आठवड्यात आमच्या साप्ताहिकात 'तारेतली गुलामगिरी' हा माझा दीड रकान्यांचा लेख आला होता. तेव्हा निदान एक तरी शब्द आपला असावा म्हणून मी 'गार्डन' न लिहिता इंग्रजी अक्षरांत 'बाग' लिहिलं. बी, ए, जी.

तारमास्तर महादेवराव यांनी चष्मा कपाळावर नेला.

"शेषराव साहेब, कोनाची बॅग पाह्यले चालले?"

"बॅग नव्हे, बाग!"

"लिहिली तं बॅग हाय. तिकडचा मानूस पिशवी घेऊन उभा राहीन ना. सरळ गार्डन लिहा."

"गार्डन लिहिणार नाही! आमच्या बागेला आमचं नाव नको?"

"मंग शेवटी एखादं अक्षर तरी लावा. बॅग तं बुजली पाह्यजे."

"घ्या!" असं म्हणून मी 'जी'पुढे असा एक 'एच' ठोकला की टाकाची निब वाकली. महादेवरावांनी बी, ए, जी, एच मोजून पाहिलं, मान हलवली आणि कट्ट-कड्-कट्ट सुरू केलं. मी विजयी मुद्रेने बाहेर पडलो. (अट गुरुवारपासून लागू होती. मंगळवार माझा होता.)

गुरुवारी आम्ही सर्व्हिस मोटारीत बसलो. चिखलीला ड्रायव्हर चहाला म्हणून उतरला, आणि मला वाटतं चहाची पानं खुडण्यापासून त्याने सुरुवात केली असावी. तासाभराने आला तेव्हा माझ्या तोंडात सबंध सुपारी होती. ती मीच भरली होती, शब्द बाहेर येऊ नये म्हणून. सत्यभामा खिडकीतून बाहेर पाहत होती. आजारपणाने तिचं मनगट इतकं बारीक झालं होतं की बांगड्या कोपरापर्यंत जात. ते मनगट पाहिलं की सुपारी चावायला सोपी जाई.

बुलढाण्याच्या मोटार-अड्ड्यावर गुलाम रसूल हजर होता. त्याने सत्यभामेला "सलाम, भाभी," केलं आणि माझ्या पाठीत अशी थाप मारली की उरलेली सुपारी गिळली गेली.

"तार भेटली, शेषराव. समदा बंदोबस्त करून ठेवला. उद्या दुपारी जायचं."

"आज नाही?"

"आज साहेब दुसऱ्या अंगाले गेले हायेत."

"कोणते साहेब?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मोठे साहेब. आनखी कोनते?"

माझ्या ध्यानात आलं. हा मला साधी लोकांची बाग दाखवत नाही, थेट जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांच्या बंगल्याची बाग दाखवतो आहे! मैत्री असावी तर अशी. रात्री जेवायला बसलो तेव्हा मी तपशील विचारायला घेतला. गुलाम रसूलची बायको बानो सत्यभामेसाठी वेगळी शिजवलेली खिचडी वाढत होती आणि दोघी आमचं ऐकत होत्या.

"साहेबांची परवानगी घेतलीस ना?"

"त्यायची परवानगी कोन घेते, बावा! गपचूप बसायचं, पाह्यचं, अन् यायचं."

"म्हणजे चोरासारखं?"

"आवाज केला तं साहेब निंघून जातेत. नाईतं..."

"नाईतर काय?"

"नाईतं जवळ येतेत."

"स्वभावाने कसे आहेत?"

गुलाम रसूल विचार करून म्हणाला, "पोट भरलं असलं तं बम शांत."

अंमलदार जातीचं इतकं नेमकं वर्णन मी बावीस वर्षांत लिहू शकलो नव्हतो. तो पुढे म्हणाला, "परवाच कारभारी पाटलाचा बैल नेला."

माझा घास हातात राहिला. "नेला म्हणजे?"

"म्हंजे नेला. गोठ्यातून वढून."

"भरदिवसा?"

"त्यायले कोनाचा भेव हाय?"

"मोबदला काही दिला?"

"काय दिला?"

"अरे, पैसे! बैलाचे पैसे!"

"शेषराव, लिहू लिहू तुह्यं डोस्कं फिरलं का बे? साहेब काऊन पैसे देतीन?"

"मग त्या बैलाचं केलं काय?"

"खाल्ला."

(खाल्ला म्हणजे काय हे आम्हां वार्ताहरांना समजावून सांगावं लागत नाही. धरणं खाल्लेली, रस्ते खाल्लेले, शाळेची कौलं खाल्लेली माणसं मी पाहिली आहेत. बैल त्या मानाने लहान.)

"आणि लोक तक्रार करत नाहीत?"

"कोनापाशी करतीन? दिवस कलला की त्या वाटेनं कोनी जातच नाई."

एवढी दहशत! एका गरीब पाटलाचा बैल ओढून न्यायचा, खायचा, आणि रयतेने वाट सोडून चालायचं! माझ्या कपाळाची शीर उडू लागली. सत्यभामेने पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. बानोही चुलीकडे तोंड करून बसली होती. मला वाटलं, कारभारी पाटलाची करुण कहाणी ऐकून दोघींना भरून आलं.

शुक्रवारी पहाटे उठून मी तीन पानं लिहिली. मथळा दिला, 'साहेब की सुलतान?' त्यातली काही वाक्यं मला अजून पाठ आहेत. 'या मोठ्या साहेबांनी परवा कारभारी पाटलांचा बैल भरदिवसा गोठ्यातून ओढून नेला व खाल्ला. पोट भरलेलं असतं तोवरच ते शांत असतात. रयत त्यांच्या वाटेला जात नाही. अशांना सरकारने तत्काळ पिंजऱ्यात उभं करावं!' खाली सही ठोकली. बंद करून लिफाफा सत्यभामेकडे दिला, कारण मोठ्या साहेबांची माणसं माझ्यावर पाळत ठेवून असणार, आणि बायकांवर कोणी पाळत ठेवत नाही. ती बानोबरोबर बाजारात निघाली होती.

"एवढं टपालात टाक."

"भांडन तं नाई ना?"

"भांडण कसलं! साधी चौकशी."

तिने लिफाफा उलटासुलटा करून पिशवीत टाकला. परत आल्यावर मी विचारलं, "टाकलंस?"

"लावली त्याची सोय," ती म्हणाली.

दुपारी आम्ही बैलगाडीने बोथा गावाच्या वाटेला लागलो. मी काळा कोट घातला होता, डोक्याला पटका बांधला होता, आणि खिशात साहेबांना विचारायच्या अकरा प्रश्नांचा कागद होता. भांडायचं नव्हतंच. नम्रपणे प्रश्न विचारण्याला भांडण म्हणत नाहीत. गुलाम रसूल खाकी कपड्यांत होता आणि त्याच्या खांद्याला बंदूक होती.

"ही कशाला?"

"साहेबाकडं रिकाम्या हातानं जाऊ नाई."

सलामीची बंदूक असावी. मला हे लांगूलचालन आवडलं नाही, पण मी सुपारी तोंडात टाकली.

शहर मागे पडलं, बंगले मागे पडले, शेतं मागे पडली. साग लागला. पळस असा फुलला होता की रान पेटल्यासारखं दिसत होतं. सत्यभामा गाडीच्या कठड्याला धरून उभी राहून पाहत होती. चाळीस दिवस छत पाहिलेल्या माणसाने आभाळ पाहावं तसं. एका जागी गाडी सोडली आणि पायी निघालो.

"अरे, पण बाग कुठे आहे?" मी विचारलं.

गुलाम रसूलने झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. "नाव नको घेऊ, बे! ह्या रानात नाव घेत नाईत."

बागेचंसुद्धा नाव घ्यायची बंदी! बारावा प्रश्न तयार झाला.

पुढे एका मोठ्या झाडावर माळा बांधला होता, खाली शिडी, आणि समोर वीस-पंचवीस हातांवर खडकात एक डोह. नागपूरच्या बागेत बॅण्ड वाजवायला मंडप असतो, तसं हे काहीतरी असावं, अशी मी समजूत घातली. सत्यभामा नऊवारीचा काष्टा आवळून सरसर वर गेली. मला खालून गुलाम रसूलने आणि वरून सत्यभामेने असं दोन्हीकडून चढवण्यात आलं.

"साहेब कधी येतात?" मी कुजबुजलो.

"चारनंतर. पान्यावर."

"स्वतः पाणी प्यायला इथवर येतात? शिपाई नाही?"

"चूप."

बसलो. मोर येऊन गेले. एक सांबर आलं, पाण्यात आपलं तोंड पाहून गेलं. मी चष्मा पुसला, कागद काढला, पेन्सिलीला टोक केलं. तेवढ्यात पलीकडच्या झाडावर एक वानर खाकरल्यासारखं ओरडलं, आणि सगळं रान एकदम गप्प झालं. एवढी शांतता मी फक्त एकदा अनुभवली आहे, आमच्या म्युनिसिपालिटीत हिशेब मागितला तेव्हा.

आणि साहेब आले.

घाई नाही, गर्दी नाही, मागे चपरासी नाही. पिवळ्या गवतातून गवतच सरकावं तसे आले. उन्हाचे पट्टे अंगावर पडले होते असं वाटलं. मग ते ऊन सोडून पुढे आले तरी पट्टे अंगावरच होते. खांदे एकामागून एक खालीवर होत होते. डोहाशी बसले आणि मांजर दूध पितं तसं पाणी प्यायला लागले. जिभेचा लपलप आवाज माझ्यापर्यंत येत होता. मागे शेपूट होतं. त्याचं टोक तेवढं डावीउजवीकडे हलत होतं.

माझ्या हातातून पेन्सिल सुटली. फांदीवर टक्, माळ्याच्या बांबूवर टक्, आणि खाली पाल्यात.

साहेबांनी मान वर केली. माझ्या डोळ्यांत पाहिलं.

माझ्या कानाशी सत्यभामेचा श्वासाइतका बारीक आवाज आला, "आले ना साहेब. इचारा की आता बैलाचं."

अकरा प्रश्नांपैकी एकही मला आठवला नाही. इतकंच कळलं की माझे दोन्ही हात आपोआप जोडले गेले आहेत. बावीस वर्षांत तीन कमिशनर आणि एक लाटसाहेब मी पाहिला, कोणापुढे हे हात जोडले गेले नव्हते. साहेबांनी क्षणभर माझा पटका न्याहाळला. (त्यांना तो पसंत पडला नसावा.) मग आणखी दोन घोट पाणी घेतलं, उठले, आणि आले तसेच गवतात गवत होऊन गेले.

मी सत्यभामेकडे पाहिलं. तिच्या गालांवर रंग चढला होता. पौषापासून मी त्या रंगाची वाट पाहत होतो. औषधाच्या सात बाटल्यांना जे जमलं नव्हतं, ते एका बैलखाऊ अंमलदाराने केलं होतं.

गाडी मोठ्या रस्त्याला लागल्यावरच गुलाम रसूलने तोंड उघडलं. "काय शेषराव, झकास वाघ दाखवला का नाई?"

"वाघ कोणी सांगितला होता तुला? मी बाग लिहिली होती, बाग! फुलांची!"

"आता! मले इंग्रजी येते काय? जंगल हापिसात ते नवे तिवारी पंडितजी आले हायेत ना जबलपूरचे, त्यायनं वाचून देल्ली तार. 'बीवी के साथ बाघ देखने आ रहे हैं, इंतजाम करो.' त्यायच्यात वाघाले बाघ म्हन्तेत. मी बी म्हटलं, भाभी दुखन्यातून उठल्या अन् हा त्यायले हे काऊन दाखवून राह्यला? मंग म्हटलं, शेषराव हाय बावा. याचं काई सांगता येत नाई."

बी, ए, जी, एच! महादेवरावांच्या नाकावर ठोकलेला तो एच माझ्या बागेला शेपटासारखा फुटला होता. तरी मी वर्षानुवर्षं लिहीत आलो आहे की वऱ्हाडाला मध्यप्रांताच्या जुवाला जुंपू नका, जबलपूरचा कारकून इथे आणून बसवू नका! मी गाडीत उठून उभा राहिलो. "हा सगळा त्या जोडप्रांताचा..."

"देऊळगाव," सत्यभामा शांतपणे म्हणाली.

मी बसलो. मग विचारलं, "तुला कधी कळलं?"

"बैल खाल्ला तवाच. आमच्या माहेरी बी रानात त्याचं नाव घेत नाईत. साहेबच म्हन्तेत, नाईतं पाटील."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी साहेबाशी भांडाले निंघाले होते. म्हटलं, मान्साशी भांडायचं नाई ठरलं हाय. याच्याशी भांडू द्या एकडाव. अन् बाग काय, उद्या बी जागच्या जागी राह्यते. साहेब रोज थोडेच येतेत?"

गुलाम रसूल हसता हसता गाडीखाली पडायचा राहिला. मीही हसलो, आणि हसता हसता एकदम थांबलो. लेख!

तीन पानं टपालात पडली होती. त्यातलं प्रत्येक वाक्य अक्षरशः खरं होतं, फक्त साहेब चुकला होता. रविवारी ते छापलं जाईल आणि जिल्ह्याचे खरे मोठे साहेब चहा पिता पिता वाचतील की आपण बैल ओढून नेतो आणि खातो. मागच्या खेपेस अब्रूनुकसानीत माफीवर सुटलो होतो. या खेपेस थेट अकोल्याचा तुरुंग. आणि सत्यभामेला सांगावं तर शपथ मोडल्याचं कबूल करावं लागणार, म्हणजे उद्याची बाग गेली आणि देऊळगावची मोटार आली. तिची बाग मला मोडायची नव्हती. मी पुन्हा सुपारी तोंडात टाकली.

शनिवारी सकाळी पान खाण्याचं निमित्त करून मी टपालकचेरी गाठली. जन्मात पहिल्यांदा 'कृपा करून' हे शब्द उच्चारले आणि काल टाकलेलं पत्र परत मिळेल का विचारलं. खिडकीतला कारकून अतिशय सौम्य होता.

"नाही मिळत, साहेब. पूर्वी ओळखीवर देत असू. पण 'टपालपेटी की धर्मशाळा?' असा एक अग्रलेख आला, आणि वरून सक्त हुकूम झाला."

तो अग्रलेख कोणाचा, हे मी त्याला सांगितलं नाही. त्याला "आभारी आहे" म्हणून बाहेर पडलो. भांडलो नाही. तुरुंगात जायच्या आधी निदान एक शपथ तरी पाळावी.

आणि मग आम्ही बागेत गेलो.

बाग मोठी म्हणजे फार मोठी नव्हती. पण गुलाब असे होते की हाताची ओंजळ एका फुलाला कमी पडावी. वरच्या हवेत अजून गारवा होता. सत्यभामा प्रत्येक झाडापाशी थांबत होती, वाकत होती, वास घेत होती, पुढे जात होती. फुलांच्या ताटव्यात एक पाटी होती : 'फुले तोडु नये'. 'तोडु' ऱ्हस्व आणि फुलं अनेक असून 'नये' एकच. मी पाटीला वळसा घालून गेलो. बाकावर बसून मी तिच्याकडे पाहत राहिलो. बावीस वर्षांत मी ज्यांच्याविरुद्ध लिहिलं त्यांची नावं मला पाठ होती. ही गुलाबाचा वास घेताना डोळे मिटते, हे मला ठाऊक नव्हतं. तुरुंगात आठवायला एवढं पुरेल, असं वाटलं.

माळ्याचं नाव मोतीराम. सत्यभामेने त्याला काल मोठे साहेब पाण्यावर पाहिल्याचं सांगितलं तशी त्याने हातातलं खुरपं खाली ठेवलं.

"समोर पाह्यले, माय? मी तीस वर्षं झाले हितं, मले फकस्त मातीत पायाचे खोज दिसले. तुमाले एक कलम देतो. खास हाय. लाल."

त्याने मुळाशी ओल्या मातीचा गोळा करून कलम पुढे केलं. "कागद-बिगद हाय का गुंडाळाले? घरी पोचेस्तोवर माती टिकली पाह्यजे."

"हाय ना," म्हणून सत्यभामेने पिशवीत हात घातला आणि एक जाड लिफाफा काढला. "हा फोडा. आत तीन पानं हायेत, चांगली जाड."

मोतीरामने लिफाफा फोडला, पानं पाण्याच्या बादलीत बुडवली आणि मातीवर लपेटली. सर्वांत वरच्या पानावर शाई ओघळत होती. 'साहेब की सुल...' एवढं मी वाचलं आणि बाकावरून उठलो.

"तू म्हणाली होतीस, सोय लावली!"

"मंग? लावली ना आता." तिने कलम छातीशी धरलं. "पेपरात लिहिनं म्हंजे भांडनंच. ठरलं होतं आपलं. अन् मले बाग पाह्यची होती, तुमाले तुरुंगात नव्हतं पाह्यचं."

मी परत बाकावर बसलो, आणि चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छ होता. पुसायचं दुसरंच काहीतरी होतं. मोतीरामने तोंड फिरवलं. माळी लोकांना कधी पाणी द्यायचं आणि कधी पाहायचं नाही, हे कळतं.

मेहकरला परतल्यावर मी सर्वांत आधी तारघरात गेलो आणि महादेवरावांचे आभार मानले. ते इतके घाबरले की त्यांनी तक्रारवही पुढे केली. तिवारी पंडितजींना मी शुद्ध हिंदीत आभाराचं पत्र पाठवलं. (त्यांचं उत्तर आलं : 'पुढच्या खेपेस अस्वल पाहायचं असल्यास कळवावे.') गुलाम रसूलला मराठीत कार्ड टाकलं. यापुढे त्याला कार्डच टाकायचं ठरवलं आहे.

आणि ते कलम सत्यभामेने कागदासकट त्या जुन्या तेलाच्या डब्यात लावलं. ते जगलं. श्रावणात त्याला पहिलं फूल आलं, लालभडक, ओंजळीएवढं. आळीतल्या बायका पाहायला लोटल्या. कोणी विचारलं, "सत्यभामाबाई, खत कोन्तं घातलं वो?"

"ह्यायचा लेख घातला," सत्यभामा म्हणाली. "बावीस वर्षांचे समदे रद्दीत गेले. हा एकलाच मातीत गेला, म्हून कामी आला."

तेव्हापासून मी लिहायला बसलो की ती दारातून डोकावते आणि मोठ्या आशेने विचारते, "जमलं का काही कडक? मोगऱ्याले पाह्यजे होतं."